मोटारीचे घडीचे छप्पर आणि पास्कलचा नियम

जुन्या हिंदी चित्रपटांतील लांबलचक, बिनछपराची अमेरिकन मोटार आपल्या परिचयाची आहे. ती खरे तर बिनछपराची नसते. तिचे कापडी छप्पर मागच्या आसनामागच्या खोबणीत घडी होऊन बसलेले असते आणि बटण दाबले की उठून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत येते. आता या गाड्या संग्राहकांकडे आणि जुन्या मोटारींच्या मिरवणुकांतच दिसतात. मात्र त्यांचे छप्पर अडले की ते कसे शोधावे, यात आठवी ते दहावीच्या पुस्तकातले बरेचसे भौतिकशास्त्र येते. म्हणून हा विषय वर्गात घेण्याजोगा आहे असे आम्हांला वाटते.

यंत्रशक्तीने छप्पर हलवण्याची सोय 1939 साली अमेरिकेतील प्लिमथ गाडीत आली. ती इंजिनात निर्माण होणाऱ्या निर्वातावर चालत असे. येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: निर्वात कितीही चांगला केला तरी दट्ट्यावर जास्तीत जास्त किती दाब मिळेल? उत्तर आहे वातावरणाच्या दाबाइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम भार. जोर वाढवायचा तर नळकांडे जाडजूड करणे भाग. पुढे विजेच्या मोटारीवर चालणारा तेलाचा पंप आला आणि ही मर्यादा संपली.

1960 च्या दशकातील फोर्ड मस्टँग किंवा शेव्हरोले इंपाला या गाड्यांतील रचना पाहू. मागच्या आसनामागे एक लहान मोटार, तिला जोडलेला पंप आणि तेलाची टाकी असते. पंपापासून नळ्या निघून डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन नळकांड्यांना जातात. प्रत्येक नळकांड्यात दट्ट्या असतो आणि त्याचा दांडा छपराच्या सांगाड्याला जोडलेला असतो. मोटार एका दिशेने फिरली की तेल दट्ट्याच्या खाली जाते, दांडे बाहेर येतात आणि छप्पर उठते. उलट फिरली की तेल वरच्या बाजूस जाऊन दांडे आत ओढले जातात.

आता थोडे गणित. समजा दट्ट्याचा व्यास 2.5 सेंटिमीटर आहे आणि दांड्याचा 1 सेंटिमीटर. खालून तेलाला मिळणारे क्षेत्रफळ सुमारे 4.9 चौरस सेंटिमीटर. वरच्या बाजूने मात्र दांड्याने जागा अडवलेली, म्हणून 4.1 च उरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 20 किलोग्रॅम भार धरला तर छप्पर उचलताना प्रत्येक बाजूस 98 किलोग्रॅमचा जोर मिळतो, ओढताना 82 चा. उचलण्याचे काम अधिक कष्टाचे, आणि जोरही तिकडेच अधिक!

याच दांड्यामुळे आणखी एक गंमत होते. छप्पर उठलेले असताना दांडे बाहेर असतात, नळकांड्यांत जास्त तेल मावते आणि टाकीतील पातळी उतरते. छप्पर खाली आले की जादा तेल टाकीत परत येते. त्यामुळे ‘तेल कमी आहे का?’ या प्रश्नाला छपराची स्थिती सांगितल्याशिवाय अर्थ नाही. कोणत्या स्थितीत पातळी पाहायची ते त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

छप्पर चालवण्याची रीत सोपी आहे. गाडी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि इंजिन चालू ठेवावे, म्हणजे बॅटरीवर सगळा भार पडत नाही. मागच्या खोबणीतील सामान काढावे. पुढच्या चौकटीवरच्या दोन्ही खिट्ट्या सोडवाव्यात. मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल आणि तिला चेन असेल तर ती आधी उघडावी. कडक थंडीत हे प्लॅस्टिक ताठर होते आणि घडीवर तडकते. ओले छप्पर मिटून ठेवले तर कापडाला बुरशी लागते. छप्पर शेवटाला पोहोचताच बटण सोडावे. पुढेही दाबून धरले तर मोटार फिरू शकत नाही आणि तिच्यातील विद्युतधारा फार वाढते. तेव्हा परिपथातील द्विधातुपट्टी तापून वाकते व प्रवाह तोडते. थंड झाली की ती आपोआप पूर्ववत होते. ‘मघाशी बंद पडले, आता चालते’ या कोड्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

बिघाड शोधताना पहिले साधन कान. बटण दाबल्यावर काहीच आवाज येत नसेल तर दोष विजेच्या बाजूस. मोटार घुमते पण छप्पर हलत नाही, तर तेल किंवा पंप पाहावा. आवाज खरखरीत आणि चाल धक्क्याधक्क्याची असेल तर तेलात हवा शिरली आहे. तेल जवळजवळ दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. पंपाचे काम बुडबुडे चेपण्यात जाते. टाकी भरून छप्पर काही वेळा वरखाली केले की हवा टाकीत येऊन निघून जाते.

विजेच्या दोषांत एक सापळा आहे. मोटारीजवळ व्होल्टमीटर लावला, 12 व्होल्ट दिसले, म्हणून मोटारच जळाली असे ठरवून ती बदलली जाते. नवी मोटारही तशीच मंद चालते. समजा मोटारीला 40 अँपियर लागतात आणि गंजलेल्या जोडात 0.05 ओहम रोध आहे. ओहमच्या नियमाने त्या जोडातच 2 व्होल्ट खर्च होतात आणि 80 वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह वाहत नसताना हाच तोटा शून्य असतो, म्हणून मीटर पूर्ण 12 दाखवतो. मोजायचे ते बटण दाबलेले असतानाच. या गाड्यांत परतीची तार म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. अर्थिंगचा स्क्रू गंजला की हा रोध वाढतो. काचकागदाने घासून तो घट्ट करण्यास खर्च जवळजवळ काहीच नाही.

छप्पर तिरके उठत असेल तर? दोन्ही नळकांड्यांना एकाच पंपाचे तेल जाते आणि दाब दोन्हीकडे सारखाच. जिकडे अडथळा कमी, तिकडचा दट्ट्या आधी सरकतो. म्हणजे मागे पडलेल्या बाजूचे नळकांडे घट्ट झाले आहे किंवा तिकडचा सांगाडा वाकला आहे. दोहोंपैकी कोणते, हे ठरवायला दोन्ही दांडे सांगाड्यापासून सोडवून छप्पर हाताने उचलून पाहावे. हातालाही ते अडले तर तेलाचा काही दोष नाही. हे काम दोघांनी करावे, कारण सांगाड्याचे सांधे कात्रीसारखे मिटतात आणि बोट सापडले तर तुटू शकते. छप्पर अर्ध्यावर असताना तेलाची नळी मुळीच सोडू नये. तेलाचा आधार सुटताच ते सगळे अंगावर येते.

तेलाच्या बाबतीत घाई नडते. काही गाड्यांत ब्रेकचे तेल घालत, तर काहींत स्वयंचलित गिअरपेटीचे. पहिले ग्लायकॉल जातीचे, दुसरे खनिज. ब्रेक तेलासाठी बनवलेले रबरी वायसर खनिज तेलात फुगतात आणि दट्ट्या अडकतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, आणि रंगावर सांडले तर रंगच सोडवते.

वर्गात गाडी आणता येत नाही. पण सुया काढलेल्या 5 आणि 20 मिलिलिटरच्या दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या व सलाइनच्या नळीचा तुकडा पुरेसा आहे. त्यात रंगीत पाणी भरून लहान दट्ट्या दाबावा आणि मोठ्यावर पुस्तके ठेवावीत. मग मुद्दाम एक मोठा बुडबुडा आत राहू द्यावा. दट्ट्या दबतो, पण पुस्तके लगेच हलत नाहीत, हे मुलांच्या बोटांनाच कळते.

एका गाडीला मात्र हे सारे लागू नाही. फोर्डने 1957 ते 1959 या काळात स्कायलायनर नावाची गाडी काढली. तिचे छप्पर पोलादी असून ते डिकीत जाऊन बसे. तेल मुळीच नाही, सगळे काम विजेच्या मोटारींचे, आणि तारांची लांबी 610 फूट! एक हालचाल पूर्ण झाली की तिचा स्विच पुढच्या मोटारीला चालना देई. मधला एक स्विच अडला की छप्पर हवेतच थांबे. तेथे तपासणीचा पहिला प्रश्न एकच: शेवटची कोणती पायरी पूर्ण झाली?