वाळीत टाकणे: पंचांच्या शिक्षेपासून कायद्यातील गुन्ह्यापर्यंत

सामाजिक बहिष्कार ही गावकी, भावकी किंवा जातपंचायतीने सुनावलेली शिक्षा. वाळीत पडलेल्या घराशी रोटीबेटी व्यवहार तुटतो, दुकानदार माल देत नाही, लग्नाला कोणी येत नाही आणि मयताला खांदा मिळत नाही. आंतरजातीय विवाह, जमिनीचा वाद, निवडणुकीत वेगळी बाजू घेणे, पंचांचा दंड न भरणे ही त्यामागची नेहमीची कारणे. मारहाण होत नाही, पण माणसाचे जगणे अशक्य होते.

या हत्याराची ताकद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार लवकर ओळखली. गोलमेज परिषदेतील मागण्यांत आणि पुढे 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवण्याची तरतूद सुचवली. त्यासाठी आधार घेतला तो ब्रह्मदेशातील 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा.

मुंबई प्रांताने 1949 मध्ये समाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो रद्द केला. धार्मिक कारणावरून सदस्याला काढणे हा पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग असून त्याला अनुच्छेद 26 चे संरक्षण आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी भिन्नमत नोंदवले. बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते, म्हणून हा कायदा अनुच्छेद 17 च्या हेतूशी सुसंगत आहे, असे त्यांनी मांडले.

त्यानंतरच्या काळात पीडितांच्या हाती मोजकेच उपाय राहिले. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देतो, पण त्यासाठी आरोपी या वर्गांबाहेरचा असावा लागतो. स्वतःच्याच जातीच्या पंचांनी वाळीत टाकलेल्याला त्याचा उपयोग नव्हता. पोलिसांना धमकी, खंडणी, कट अशी कलमे जोडून गुन्हा उभा करावा लागे. 2013 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नाशिकमधून जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केले, आणि राज्यभरातील दबलेल्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या.

या रेट्यातून राज्य विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै 2017 पासून कायदा अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम पीडिताला देता येते. गुन्हा दखलपात्र आहे, तक्रार पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे करता येते आणि आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला निकाली काढणे अपेक्षित आहे. बहिष्काराचे प्रकार शोधण्यासाठी खास अधिकारी नेमण्याची तरतूदही आहे.

कायद्याची खरी कसोटी साक्षीपुराव्यात लागते. पंचांचा हुकूम तोंडी असतो आणि साक्षीदार त्याच वस्तीत राहणारे असतात. साक्ष दिली तर उद्या त्यांच्यावर तीच पाळी येईल, ही धास्ती असते. गुन्हा जामीनपात्र असल्याने आरोपी लगेच गावात परततात. पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही होऊ शकते. ज्या संमतीमागे साऱ्या गावाचा दबाव असतो ती खुशीची आहे का, हे न्यायालयाने बारकाईने तपासायला हवे.

1962 च्या निकालाचा प्रश्नही मिटलेला नव्हता. दाऊदी बोहरा सुधारकांनी 1986 मध्ये फेरविचारासाठी याचिका केली होती. फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, नव्या कायद्यामुळे हा वाद निकाली निघत नाही असे ठरवून, तो शबरीमला प्रकरणासोबत नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.

मात्र 1962 च्या निकालाने संरक्षण दिले ते धार्मिक कारणावरील बहिष्काराला. जमिनीच्या वादावरून, लग्नावरून किंवा मतदानावरून कुटुंब वाळीत टाकणाऱ्या पंचांना अनुच्छेद 26 चा आडोसा मिळत नाही. त्यांच्यावर गुन्हा नोंदवायला, साक्षीदारांना संरक्षण द्यायला आणि खटले मुदतीत चालवायला आजचा कायदा पुरेसा आहे. सरकार आणि पोलिसांनी तो वापरणे हे त्यांचे कर्तव्य आहे.