सख्यांवांचून गाइलेलें निरोपगीत

संस्कृत नाटकाच्या शेवटीं येणारें भरतवाक्य एका पात्रानें उच्चारिलें, तरी तें समस्त नटवर्गाचें मानितात. निरोपाच्या गीतांतहि हाच भाव असावा, असें आम्हांस वाटतें. अमेरिकेंतील डेट्रॉइटच्या 'सुप्रीम्स' या तीन गायिकांच्या मेळ्याचें उदाहरण मात्र विचार करावयास लावणारें आहे.

१९६४ ते १९६९ या काळांत या मेळ्याचीं बारा गीतें तेथील लोकप्रियतेच्या यादींत अग्रस्थानीं गेलीं. बारावें 'समडे वुइल बी टुगेदर'. कधीं तरी आपण एकत्र येऊं, हा त्याचा अर्थ. मुख्य गायिका डायाना रॉस मेळा सोडीत असल्यामुळें तेंच निरोपगीत ठरलें. परंतु मेरी विल्सन व सिंडी बर्डसाँग या सहचारिणींचा स्वर त्या ध्वनिमुद्रिकेंत नाहींच! गीत मूळचें रॉसबाईंच्या स्वतंत्र गायनासाठीं योजिलेलें. साथ मॅक्सीन व ज्यूलिया वॉटर्स या भगिनींची. मोटाउन कंपनीचे चालक बेरी गॉर्डी यांनीं तें मेळ्याच्या नांवानें प्रसिद्ध केलें.

१४ जानेवारी १९७० रोजीं लास व्हेगास येथील अखेरच्या कार्यक्रमांत तिघींनीं तें मिळून म्हटलें. पुढें १९८३ सालीं एका समारंभांत क्षणभर पुन्हां. आरंभापासूनची सखी फ्लॉरेन्स बॅलर्ड हिला तर १९६७ सालींच मेळ्यांतून दूर केलें होतें. १९७६ मध्यें ती वारली.

गीत मधुर आहे, यांत शंका नाहीं. तथापि ज्यांच्या नांवावर कीर्ति, त्यांचा कंठ नसावा, आणि ज्यांचा कंठ, त्यांचें नांव नसावें, हा न्याय नव्हे. रसिकांनीं माधुर्य अवश्य सेवावें. मात्र गाणारीचें ऋण ओळखल्यावांचून रसिकता पुरी होत नाहीं.