अपंगांसाठी प्रवाससवलती व वाहतूक-साहाय्य

शारीरिक, ज्ञानेंद्रियविषयक वा मानसिक विकलतेमुळे ज्यांच्या हालचालीवर मर्यादा पडतात, अशा व्यक्तींना प्रवासभाड्यात देण्यात येणारी सूट, तसेच वाहनात चढणे, उतरणे, बसणे व मार्ग ओळखणे यांसाठी करण्यात येणारी व्यवस्था. पहिलीचे स्वरूप आर्थिक, तर दुसरीचे मुख्यत्वे तांत्रिक असते. दोन्ही परस्परपूरक असून एकीच्या अभावी दुसरीचा उपयोग मर्यादित राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सु. २·६८ कोटी व महाराष्ट्रात सु. २९·६३ लाख अपंग व्यक्ती होत्या. शासकीय व्यवहारात ‘अपंग’ या शब्दाऐवजी आता ‘दिव्यांग’ ही संज्ञा रूढ झाली आहे.

सवलतीमागील तत्त्व : अपंग व्यक्तीला तोच प्रवास इतरांपेक्षा महाग पडतो. सोबती न्यावा लागल्यास भाडे दोघांचे होते. बसथांब्यापर्यंत चालणे अशक्य असल्यास रिक्षाचा खर्च वाढतो. उपचारासाठी वारंवार जावे लागल्यास हा भार दरमहा पडतो. शिक्षण, नोकरी व औषधोपचार ही तिन्ही प्रवासावर अवलंबून असल्याने हा जादा भार समाजाने काही अंशी उचलावा, हे सवलतीमागील तत्त्व होय. सोबत्यालाही सवलत देण्याची प्रथा यातूनच आली आहे.

कायदेशीर आधार : भारतात या विषयाचा समावेश प्रथम १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात झाला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अंमलात आला व त्यात वाहतुकीतील भेदभाव टाळण्याविषयीचे कलम होते. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये संमत केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. त्यास अनुसरून झालेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेण्यात आले. बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ सुगम करणे, तसेच परवडणाऱ्या खर्चात संचार शक्य व्हावा म्हणून प्रोत्साहने व सवलती यांच्या योजना आखणे, हे शासनाचे कर्तव्य या अधिनियमाच्या ४१ व्या कलमाने ठरविले आहे. सवलतीचे प्रमाण मात्र कायद्यात नाही. ते रेल्वे, राज्य परिवहन इ. यंत्रणा आपापल्या नियमांनी ठरवितात.

रेल्वे : सोबत्याविना प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग व मतिमंद प्रवासी आणि पूर्णतः अंध व्यक्ती यांना दुसरा वर्ग, शयनयान, पहिला वर्ग, वातानुकूलित तृतीय श्रेणी व खुर्चीयान यांत मूळ भाड्याच्या ७५ टक्के, तर वातानुकूलित पहिल्या व दुसऱ्या श्रेणीत ५० टक्के सूट मिळते. राजधानी व शताब्दी गाड्यांच्या तृतीय श्रेणीत व खुर्चीयानात ती २५ टक्के आहे. पूर्णतः मूकबधिर व्यक्तींना दुसरा वर्ग, शयनयान व पहिला वर्ग यांत ५० टक्के सवलत असते. एका सोबत्यास त्याच दराने सूट मिळते. २० मार्च २०२० रोजी रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह अनेक वर्गांच्या सवलती बंद केल्या, तेव्हाही अपंग, रुग्ण व विद्यार्थी यांच्या सवलती चालू राहिल्या.

राज्य परिवहन : महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या (एस. टी.) साध्या गाड्यांत अंध व अपंग प्रवाशांना भाड्यात ७५ टक्के सूट असते. अपंगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असल्यास सोबत्यास ५० टक्के सूट मिळते. खेड्यातून तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास बहुधा एस. टी. हेच साधन असल्याने ग्रामीण भागात या सवलतीचे महत्त्व विशेष आहे.

निकषांतील तफावत : एस. टी. अपंगत्वाची टक्केवारी पाहते. रेल्वे सोबत्याची गरज किंवा विकलतेची पूर्णता पाहते. त्यामुळे कुबडी वा कॅलिपर यांच्या आधारे एकट्याने प्रवास करणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीस एस. टी.त सवलत मिळते, रेल्वेत मिळत नाही. अंशतः दृष्टी असलेल्यांची स्थितीही अशीच आहे. बधिर असूनही बोलू शकणारी व्यक्ती रेल्वेच्या मूकबधिर या वर्गात बसत नाही. कायद्याने मान्य केलेले एकवीस प्रकार व रेल्वेची मोजकी वर्गवारी यांचा मेळ बसलेला नाही. जो स्वावलंबी होतो तो सवलतीस मुकतो, असा याचा परिणाम होतो.

नागपूर येथील स्थिती : नागपूरच्या उत्तर भागातील जरीपटका ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती. सिंधी समाजात थॅलसेमियाचे, तर विदर्भातील आदिवासी व काही अनुसूचित जातींत सिकल सेल (दात्रपेशी) या रक्तविकाराचे प्रमाण जास्त आढळते. दोन्ही विकार २०१६ च्या अधिनियमाने अपंगत्वात समाविष्ट केले आहेत. तीव्र थॅलसेमियाच्या मुलास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. गडचिरोली, चंद्रपूर वा गोंदिया जिल्ह्यातून अशा मुलास घेऊन येणाऱ्या मातापित्यांना प्रवासखर्च वर्षानुवर्षे करावा लागतो, शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते. खर्च न पेलल्यास उपचारात खंड पडतो. उपचारार्थ प्रवास करणाऱ्या थॅलसेमियाच्या रुग्णास रेल्वेत कनिष्ठ वर्गांत ७५ टक्के, सिकल सेलच्या रुग्णास ५० टक्के सवलत आहे. सिकल सेलच्या रुग्णांना एस. टी.तून विनामूल्य प्रवासाची तरतूद आहे.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर मेट्रोचा कामठी मार्गावरील टप्पा सुरू झाला व इंदोरा चौक स्थानकामुळे जरीपटका मेट्रोच्या जवळ आला. मेट्रोच्या स्थानकांत उद्‌वाहने आणि अंधांसाठी उठावाच्या फरशा आहेत. परंतु स्थानकाबाहेरचा पदपथ खंडित असल्यास चाकाच्या खुर्चीचा प्रवास तेथेच थांबतो.

सुगम्यता : ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र शासनाने सुगम्य भारत अभियान सुरू केले. २०१९ च्या अखेरीस केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन १ मार्च २०२० पासून बसगाड्यांत राखीव आसने, आधारदांडे, कुबड्या ठेवण्याची सोय आणि चाकाची खुर्ची आत घेऊन पक्की बसविण्याची व्यवस्था यांविषयी तरतुदी लागू झाल्या. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत अपंगांसाठी स्वतंत्र डबे असतात. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला, की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत. बंधनकारक नियम वेगळे ठरविले पाहिजेत.

व्यक्तिगत साधने : कानपूर येथील कृत्रिम अवयव निर्माण निगम (स्थापना १९७२) हा सार्वजनिक उपक्रम तीनचाकी सायकली, चाकाच्या खुर्च्या व कुबड्या तयार करतो. १९८१ पासूनच्या केंद्रीय योजनेखाली अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना अशी साधने विनामूल्य वा अल्प किंमतीत मिळतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञा आली.

इतर देश : इंग्लंडमध्ये १ एप्रिल २००८ पासून पात्र अपंगांना देशभर स्थानिक बसमधून गर्दीच्या वेळा वगळून विनामूल्य प्रवास करता येतो. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने, ज्यांना नेहमीच्या बससेवेचा वापर करता येत नाही, त्यांच्यासाठी समांतर वाहनसेवा चालविणे सार्वजनिक बस यंत्रणांवर बंधनकारक आहे.

भारतातील व्यवस्थेत भाड्याच्या सवलतीचा भाग जुना व रुजलेला, तर सुगम्यतेचा भाग नवा व अपुरा आहे. सवलतीचा लाभ प्रत्यक्षात पोचण्यासाठी रेल्वे व राज्य परिवहन यांचे निकष अधिनियमाशी जुळविणे, एकाच ओळखपत्रास सर्वत्र मान्यता देणे आणि घरापासून थांब्यापर्यंतचा मार्ग सुगम करणे या गोष्टी आवश्यक आहेत.