दोघांनीही टाका बरोबर घातला, पण ऑपरेशनला कोणाला पाठवायचं? डॉक्टरांच्या डोक्यावरचा ताण असा मोजतात

गाडी शिकतानाचे पहिले दिवस आठवा. क्लच, गिअर, आरसा आणि त्यात शेजारच्याने काही विचारलं की गाडी बंद! आज तुम्ही गप्पा मारत घाट चढता. कारण आता डोक्यात इतर गोष्टींसाठी जागा उरते.

लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांचंही असंच होतं. पोटावरच्या छोट्या छिद्रांतून लांब अवजारं आत जातात. हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे वळतं. नजर मात्र स्क्रीनवर. म्हणूनच आधी सिम्युलेटरवर सराव करून घेतात.

समजा, दोघांनी सारख्याच वेळात, न चुकता टाका घातला. एकाने सहज, दुसऱ्याने सगळं डोकं पणाला लावून. गुण सारखेच. पण खऱ्या ऑपरेशनमध्ये अचानक रक्तस्राव सुरू झाला, तर दुसऱ्याची तारांबळ उडू शकते.

मग हा फरक ओळखायचा कसा?

विचारून : नासाच्या सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी १९८८ मध्ये 'टास्क लोड इंडेक्स' ही प्रश्नावली मांडली. डोक्याला किती ताण पडला, किती घाई झाली, किती वैताग आला, अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. २०११ मध्ये 'सर्ज-टीएलएक्स' ही तिची सर्जनसाठीची आवृत्ती आली.

शरीर तपासून : हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं बदलत असतं. ताण आला की हा बदल सहसा कमी होतो. डोळ्याची बाहुली मोठी होते, तळव्यांना घाम येतो.

मेंदू पाहून : कपाळावर सेन्सर लावून, प्रकाशाच्या मदतीने मेंदूच्या पुढच्या भागातलं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण पाहतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या अभ्यासात गाठ मारताना नवख्यांच्या मेंदूचा हा भाग जास्त कामाला लागलेला दिसला, तर तज्ज्ञांचा बराच शांत.

दुसरं काम देऊन : टाका घालता घालता ठरावीक आवाज मोजायला सांगतात. मोजणी चुकली, तर डोकं भरलेलं आहे असं समजायचं.

यातली एकच पद्धत पुरत नाही. कॉफीनेही ठोके वाढतात, उजेडाने बाहुली बदलते आणि सिनियरसमोर "मला जड गेलं" म्हणायला शिकाऊ डॉक्टर कचरतात. म्हणून दोन-तीन मापं एकत्र पाहतात.

ताण जास्त दिसला म्हणजे डॉक्टर नापास, असं नाही. त्याला अजून सराव हवा, एवढंच. आणि तो सराव पेशंटच्या आधी सिम्युलेटरवर झालेला केव्हाही बरा.