ओढून हलवता येणारे वेब-घटक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पडद्यावरील चित्र किंवा मजकुराची चौकट धरून हव्या त्या जागी नेण्याची सोय हा आज ऑनलाइन डिझाइन-साधनांचा पाया आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे दादासाहेब भगत यांनी उभारलेले ‘डिझाइन टेम्प्लेट’ हे साधन याच सोयीवर आधारलेले असून, २०२४ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वात गुंतवणूकदार अमन गुप्ता यांनी त्यात एक कोटी रुपये गुंतवण्याची तयारी दाखवल्यावर त्याची बरीच चर्चा झाली. मात्र या सोयीमागील तंत्राविषयी काही चुकीच्या समजुती नवशिक्यांमध्ये आढळतात.

गैरसमज १ : त्यासाठी अवजड लायब्ररी लागते.
वस्तुस्थिती : लायब्ररी म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा तयार कोड. ओढण्याची क्रिया तीनच घटनांची असते : दर्शक (माउसचा बाण किंवा पडद्यावरील बोट) दाबला जाणे, सरकणे आणि सुटणे. दर्शक जितका सरकला तितके अंतर घटकाच्या मूळ स्थानात मिळवले की नवे स्थान मिळते, आणि हे गणित थोड्या ओळींत मावते. तयार लायब्ररी घ्यायची झाल्यास, २००७ मध्ये आलेल्या जेक्वेरी यूआयसोबत तिचा आधार असलेली जेक्वेरी ही लायब्ररीही पानावर आणावी लागते. घटक मोकळेपणाने हलवणारी इंटरॅक्ट जेएस किंवा यादीतील क्रम बदलणारी सॉर्टेबल जेएस यांना मात्र तशा आधाराची गरज नसते.

गैरसमज २ : एचटीएमएलमधील ‘ड्रॅगेबल’ हा गुणधर्म लावला की घटक नव्या जागी जातो.
वस्तुस्थिती : या गुणधर्माने घटक ओढता येतो, पण दर्शकासोबत सरकते ती त्याची पुसट प्रतिमा, मूळ घटक जागीच राहतो आणि त्याला हलवण्याचा कोड वेगळा लिहावा लागतो. १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून पुढे एचटीएमएल ५ मध्ये आलेली ही पद्धत प्रामुख्याने मजकूर किंवा फाइल एका ठिकाणाहून दुसरीकडे सोपवण्यासाठी आहे.

गैरसमज ३ : माउसने चालणारा कोड मोबाइलवरही तसाच चालतो.
वस्तुस्थिती : माउसच्या आणि स्पर्शाच्या घटना ब्राउझर वेगवेगळ्या नोंदवतो. दोन्हींना एका सूत्रात आणणारे ‘पॉइंटर इव्हेंट्स’ हे मानक डब्ल्यू३सी या संस्थेने २०१५ मध्ये स्वीकारले. तरीही सीएसएसमधील ‘टच-अ‍ॅक्शन’ हा गुणधर्म योग्य रीतीने दिला नाही, तर ब्राउझर बोटाची हालचाल पान सरकवण्यासाठी घेतो आणि ओढणे मध्येच तुटते.

गैरसमज ४ : एकदा हलवलेला घटक कायम तिथेच राहतो.
वस्तुस्थिती : पान पुन्हा उघडताच घटक पूर्वस्थानी दिसतो, कारण बदल केवळ उघड्या पानापुरता असतो. नवे स्थान टिकवायचे असेल तर ते ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात किंवा सर्व्हरवर नोंदवावे लागते.

गैरसमज ५ : ओढण्याची सोय सर्वांनाच सुलभ असते.
वस्तुस्थिती : हात थरथरणाऱ्या किंवा केवळ कीबोर्ड वापरणाऱ्या व्यक्तीला ती अडचणीची ठरते. म्हणूनच ५ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभता-निकषांत, ओढण्याने होणारे काम न ओढता, साध्या स्पर्शाने किंवा क्लिकनेही करता यावे, अशी अपेक्षा आहे. कीबोर्डविषयीचा निकष त्याखेरीज वेगळा आहे.

तात्पर्य, हलकी लायब्ररी हालचालीचे गणित आणि उपकरणांमधील फरक सांभाळते. स्थान जतन करणे आणि न ओढता काम करण्याचा पर्याय देणे ही जबाबदारी मात्र पान घडवणाऱ्याचीच राहते.