अब्बांच्या रिपोर्टमधली बेरीज

वारंवार लघवीला लागते, वुजू टिकत नाही, म्हणून मशिदीत जाणे कमी केलेले बुजुर्ग एकदाचे डॉक्टरकडे जातात. बहुतेक वेळा प्रोस्टेट ग्रंथीची ती साधी, वयाने होणारी वाढ निघते. पण कधी बायोप्सी होते, रिपोर्ट येतो आणि सगळे घर त्यात एकच शब्द शोधते: कॅन्सर. तो सापडला की पुढचे कोणी वाचत नाही. अम्मीला सांगायचे की नाही यावर भावंडांत कुजबूज सुरू होते. आम्ही म्हणतो, पुढच्या ओळी वाचा. हा आजार किती घाई करील याचा अंदाज तिथेच असतो.

तिथे ‘ग्लीसन स्कोअर’ असतो. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली. पेशींची मांडणी जितकी बिघडलेली तितका मोठा अंक; सर्वांत जास्त दिसणाऱ्या नमुन्याचा अंक आधी, उरलेल्यांतल्या सर्वांत वाईटाचा नंतर. वर्गात ३+४ आणि ४+३ या दोन्हींना आम्ही पूर्ण गुण देतो. इथे मात्र ४+३ चा आजार ३+४ पेक्षा आक्रमक. आणि ३+३ म्हणजे ६? दहापैकी सहा म्हणून घर हादरते. पण बायोप्सीत आज सहा हाच सर्वांत सौम्य स्कोअर धरतात. हा गोंधळ टाळण्यासाठी आता १ ते ५ असा ‘ग्रेड ग्रुप’ही लिहितात.

तरी सारख्याच स्कोअरचे दोन रुग्ण वेगळ्या वाटेने जातात. म्हणून त्याच तुकड्यातली प्रथिनेही तपासता येतात. मेणात बसवलेल्या तुकड्याचा अतिशय पातळ काप घेऊन त्यावर अँटीबॉडी टाकतात. प्रथिन असेल तिथे सहसा तपकिरी रंग येतो. ‘की-६७’ हे प्रथिन विभाजन होत असलेल्या पेशींत दिसते. त्याच्या नावातला ‘की’ जर्मनीतील कील शहराचा. रंगलेल्या पेशी जास्त, तर गाठीची वाढ वेगवान. ‘पीटेन’चे उलटे: ते पेशीच्या वाढीचा ब्रेक आहे. त्याचा रंग नाहीसा झाला असेल तर आजार बळावण्याची शक्यता वाढते. मात्र एकट्या प्रथिनावरून कोणी निर्णय घेत नाही. स्कोअर, रक्तातले पीएसए आणि आजाराचा पसारा सोबत पाहावा लागतो. प्रत्येक रुग्णाला ही तपासणी लागतेच असेही नाही.

ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती देखरेख अशा तीन गटांत ठेवले होते. सुमारे १५ वर्षांनी, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. तिन्ही गटांत शंभरातले सुमारे ९७ जण या आजाराने दगावले नव्हते. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण मात्र जास्त होते.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे तर नुसता कागद नेऊ नका. लॅबकडून मेणाचा ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या. पुढची तपासणी त्यावरच होते. आणि त्या खोलीत अब्बांनाही बसू द्या. शरीर त्यांचे आहे, प्रश्नही त्यांना विचारायचे असतील.