पाऊस, वीज आणि मोटारसायकल

जून महिना लागला, की नांदेड-लातूरच्या बाजारात छत्र्या आणि रेनकोट दिसू लागतात. घराची कौले, पत्रे नीट केले जातात. माणसे पावसाळ्याची अशी तयारी करतात. पण दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलची तयारी कोण करतो? मग पहिल्याच मोठ्या पावसात ती रस्त्यात बंद पडते. अब्बा किंवा भाईजान किक मारून मारून थकतात. असे का होते, ते आज आपण समजून घेऊ.

आपल्या मराठवाड्याचा पाऊस लहरी आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. त्याच मराठवाड्यात ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. गावांत पाणी शिरले आणि मदतीसाठी सैन्याला बोलवावे लागले. म्हणून ‘आपल्याकडे पाऊस कमीच असतो’ असे म्हणून गाफील राहणे बरे नाही.

मोटारसायकल पेट्रोलवर चालते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण पेट्रोल पेटवण्यासाठी विजेची ठिणगी लागते. बॅटरी असते फक्त १२ व्होल्टची. इग्निशन कॉइल हा दाब वाढवून दहा हजार व्होल्टच्याही वर नेते. तेव्हा कुठे स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. प्लगवर रबराची टोपी असते. ती टोपी जुनी होऊन तडकली, तर फटीतून पाणी आत जाते. मग वीज ठिणगी पाडण्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून इंजिनाच्या धातूत निघून जाते. गाडी अडखळते आणि बंद पडते.

तुम्ही विचाराल, ‘पाण्यातून वीज जाते, हे खरे, पण पाणी वाळले की सगळे पूर्वीसारखे होत नाही का?’ नाही. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारच कमी वाहते. पण रस्त्यावरच्या पाण्यात माती, क्षार आणि घाण मिसळलेली असते. अशा पाण्यातून वीज सहज वाहते. हे पाणी तारांच्या जोडात, म्हणजे मिस्त्री ज्याला ‘कपलर’ म्हणतात त्यात, साचून राहते. तिथे वीज चालू असली, की तांबे लवकर झिजते आणि त्यावर हिरवा थर चढतो. या थरातून वीज नीट जात नाही. म्हणूनच कधी कधी गाडी पावसात चालते आणि पाऊस संपल्यावर महिन्याभराने हॉर्न किंवा दिवा बंद पडतो.

आता तर गाडीत विजेची कामे आणखी वाढली आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारतात प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांमध्ये कार्ब्युरेटर नाही. किती पेट्रोल द्यायचे, हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला ‘ईसीयू’ म्हणतात. तो स्वतः बंद डबीत असतो. पण त्याच्याकडे येणाऱ्या तारांचे जोड ओले झाले, तर त्याला चुकीची माहिती मिळते.

मग काय करावे? पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१. पावसाळ्यापूर्वी प्लगची टोपी मिस्त्रीकडून तपासून घ्या. तडकली असेल तर बदला.
२. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड साफ करून घ्या. जोड घट्ट बसवून वरून थोडे पेट्रोलियम जेली लावा.
३. गाडी धुताना पाण्याची जोरदार धार मीटर, हँडलवरची बटणे आणि सीटखालचा भाग यांवर मारू नका. पाऊस जिथे शिरत नाही, तिथे ही धार शिरते.
४. ओल्या गाडीवर लगेच प्लॅस्टिक झाकू नका. आतली वाफ बाहेर जात नाही आणि गंज वाढतो. आधी गाडी पुसा, वारा लागू द्या, मग झाका.
५. फ्यूज उडाला, तर त्या जागी साधी तार कधीही जोडू नका. फ्यूज हा गाडीचा पहारेकरी आहे. त्याला हटवले, तर तारा तापून आग लागू शकते.

गाडी पाण्यात बुडाली असेल, तर सर्वांत मोठी चूक कोणती? चालू होते का, ते पाहणे! सायलेन्सर किंवा एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात गेलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे किक मारली किंवा सेल्फचे बटण दाबले, तर आतला दांडा वाकू शकतो. म्हणून चावी बंद ठेवा. गाडी ढकलत मिस्त्रीकडे न्या. तो आधी बॅटरीची तार काढील आणि मग पाणी बाहेर काढील.

मुलांनो, शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी कितीही चांगली असली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका. घोट्याच्या थोडे वर येणारे वेगवान पाणीसुद्धा माणसाला पाडू शकते. त्यात गाडी मध्येच बंद पडली, तर पुढे जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. घरी कोणी ‘एवढेसे तर पाणी आहे’ म्हणाले, तर त्यांना अदबीने थांबवा. बिघडलेली गाडी दुरुस्त होते. गेलेला जीव परत येत नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबण्यात कसलाच कमीपणा नाही.

शब्दार्थ
लहरी – मनात येईल तसे वागणारा. गाफील – बेसावध. ठिणगी – आगीचा लहान कण. क्षार – पाण्यात विरघळलेले खनिज. पहारेकरी – राखण करणारा. ओसरणे – कमी होणे.

स्वाध्याय
१. प्लगची टोपी तडकल्यावर गाडी का बंद पडते?
२. कारण सांगा : ओल्या गाडीवर लगेच प्लॅस्टिक झाकू नये.
३. पाण्यात बुडालेली गाडी लगेच चालू का करू नये?
४. तुमच्या गावातील मिस्त्रीला भेटा. पावसाळ्यात गाड्यांचे कोणते बिघाड जास्त येतात, ते विचारून पाच वाक्ये लिहा.